एका कार्बनचा फरक

आमच्या शाळेत मुलामुलींना एकमेकांचा हात धरायची परवानगी फक्त रसायनशास्त्राच्या तासाला होती, आणि ती देणाऱ्या बाईंना आम्ही संयुजाबाई म्हणायचो. त्यांचं खरं नाव वेगळं होतं, पण ते पगारपत्रकापुरतं उरलं होतं. मुरबाडहून येणाऱ्या एसटीचा कंडक्टरसुद्धा शाळेचा थांबा आला की हाक द्यायचा, "संयुजाबाई, चला!" संयुजा म्हणजे काय हे त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. बाईंचं आडनावच तसं असेल, असा त्याचा समज असावा.

शाळा मुरबाड-माळशेज रस्त्याला लागून, वैशाखऱ्याच्या जवळ होती. नव्वदच्या दशकातली गोष्ट. प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूपबंद कपाट आणि त्यातल्या चार परीक्षानळ्या. बाईंनी त्या कपाटाची वाट पाहिली नाही. त्या आम्हांला मैदानात न्यायच्या आणि आमचेच अणू करायच्या. ऑक्सिजन व्हायचं असेल तर दोन्ही हात पसरायचे. हायड्रोजनने एक हात पाठीमागे ठेवायचा, एकच पुढे करायचा. कार्बनला चार हात लागतात, म्हणून दोन उंच पोरं पाठीला पाठ लावून उभी करायची आणि कमरेला टॉवेल बांधायचा. एखाद्या अणूला दुसऱ्याला धरायला किती हात आहेत, ती त्याची संयुजा. मी बुटकी, त्यामुळे दोन वर्षं हायड्रोजनच राहिले. सगळे उभे राहिले की बाई फेरी मारायच्या आणि एकच गोष्ट तपासायच्या. "कुणाचा हात मोकळा राहिलाय का? राहिला असेल तर तुमचं सूत्र चुकलं."

यावरून पालकांची तक्रार आली. मुलींचे हात मुलांच्या हातात देतात म्हणजे काय! बाईंनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला रुमाल आणायला सांगितला आणि रुमालाची दोन टोकं दोघांच्या हातात दिली. "हा बंध," त्या म्हणाल्या. "अणू तरी कुठे एकमेकांना चिकटतात? मध्ये काहीतरी असतंच." तक्रार करणारे गप्प झाले, आणि रासायनिक बंध म्हणजे काय हेही आम्हांला त्याच दिवशी कळलं.

बाईंचं माहेर शहापूर तालुक्यातलं किन्हवली. घरची भातशेती. बोलताना त्या पुस्तकी मराठी बोलायच्या, पण रागावल्या किंवा घाबरल्या की थेट किन्हवलीला पोचायच्या. मग 'नाही'चं 'नाय' व्हायचं, 'तुम्ही'चं 'तुमी'. आम्ही त्यावरूनच हवामान ओळखायचो. एकदा त्या सांगत होत्या की पाणी कुठलंही घ्या, त्यात वजनाने एक भाग हायड्रोजनला आठ भाग ऑक्सिजनच सापडणार. मागून एक मुलगा म्हणाला, "बाई, आपल्या काळू नदीचं ठीक हाय. पण भातसा धरणाचं पाणी मुंबईला जातं. त्यात ऑक्सिजन जास्त घालत असतील." वर्ग हसला. बाईही हसल्या, पण उत्तर दिल्याशिवाय सोडलं नाही. "गाळ वेगळा असेल, चव वेगळी असेल, पिणारे तर वेगळे आहेतच. पण रेणू तोच. मुंबईकरांना त्यात एक अणूसुद्धा जास्त मिळत नाय."

त्यांना छापलेली कुठलीही चिठ्ठी वाचल्याशिवाय राहवत नसे. साबणाचं वेष्टण, गोळ्यांची पट्टी, फवारणीच्या औषधाचा डबा, काहीही. एकदा युरियाची रिकामी गोणीच वर्गात घेऊन आल्या आणि फळ्याला टांगली. गोणीवर मोठ्या अक्षरात नत्र ४६ टक्के असं होतं. "हा आकडा कुठून आला?" त्यांनी युरियाचं सूत्र लिहिलं आणि प्रत्येक अणूचं वस्तुमान मांडायला लावलं. रेणू साठचा, त्यात नायट्रोजनचे अठ्ठावीस. भागाकार केला तर सेहेचाळीस पूर्णांक सहासष्ट. आमच्या घरात वर्षानुवर्षं पडून असलेल्या गोणीवरचा आकडा आमच्याच पेन्सिलीखालून बाहेर पडला, याचं आम्हांला फार नवल वाटलं. "पण वरचे पॉइंट सहासष्ट कुठे गेले?" बाईंनी विचारलं. "दुकानदारानं खाल्ले," असं लगेच उत्तर आलं. बाईंनी खडू खाली ठेवला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, खत म्हणजे शुद्ध रेणू नव्हे, थोडी ओल असते, थोडी भेसळ असते, म्हणून हातचं राखून छापतात.

पण त्यांचा खरा कटाक्ष होता तो सूत्रात खाली लिहिलेल्या बारीक आकड्यांवर. H₂O लिहिताना दोन विसरलं तर त्या पेपर तपासायचंच थांबवायच्या. "बारीक लिहितात म्हणून बारीक समजू नका," असं त्या म्हणायच्या. दहावीला कार्बनची संयुगं शिकवताना त्यांनी मैदानात दोन टोळ्या उभ्या केल्या. एका टोळीत कार्बनची एक जोडी, तीन हायड्रोजन, एक ऑक्सिजन आणि त्याच्या दुसऱ्या हाताला आणखी एक हायड्रोजन. ते मिथाइल अल्कोहोल, CH₃OH. दुसऱ्या टोळीत कार्बनच्या दोन जोड्या, त्यांना पाच हायड्रोजन, बाकी थाट तोच. ते इथाइल अल्कोहोल, C₂H₅OH. "दिसायला दोन्ही पाण्यासारखी. वास जवळजवळ सारखा. दोन्ही पेटतात. पण इथाइल म्हणजे दारूतलं अल्कोहोल, माणूस त्याने झिंगतो. मिथाइल पोटात गेलं तर त्याचं शरीरात आम्ल होतं, लाल मुंगी चावल्यावर जे झोंबतं तेच. ते आधी डोळे नेतं, मग माणूस नेतं. आणि लगेच कळत नाही, हे सगळ्यांत वाईट. फरक किती? एका कार्बनचा." मी त्या दिवशी मिथाइलच्या टोळीत, ऑक्सिजनच्या हाताला धरून उभी होते.

ही दिवाळीनंतरची गोष्ट. भात झोडून झालं होतं, माणसं जरा मोकळी होती. त्याच दिवसांत एका सकाळी घाटाच्या पायथ्याच्या वळणावर एक टँकर कलंडला. मी आणि माझी मैत्रीण अलका शाळेला निघालो तेव्हा ड्रायव्हरला कुणीतरी जीपमध्ये घालून मुरबाडला नेलं होतं, आणि टँकरच्या झाकणातून पाण्यासारखं काहीतरी धारेने गळत होतं. आमच्या आधी पंचवीसएक माणसं तिथे पोचली होती. हंडे, बादल्या, तेलाचे रिकामे डबे, जे हाताला लागेल ते घेऊन. कल्याणला कामाला जाणाऱ्या एकाने मागची पाटी वाचून दाखवली होती. "अल्कोहोल लिवलंय. म्हंजे दारूच की!" मग काय विचारता. पोलीस यायला अजून वेळ होता.

आम्ही पाटी पाहिली आणि हसत सुटलो, कारण धड्यातला शब्द रस्त्यावर भेटला होता. शाळेत शिरल्या शिरल्या बाईंना सांगितलं, "बाई, तुमचं अल्कोहोल रस्त्यावर सांडलंय. लोक भरून नेतायत."

बाई फळा पुसत होत्या. त्यांचा हात तसाच वर राहिला.

"अल्कोहोलच्या आधी काय लिहिलं होतं?"

अलका माझ्याकडे बघू लागली. मी डोळे मिटले, पाटी आठवून पाहिली. इंग्रजी अक्षरं होती, अर्धी चिखलाने माखलेली.

"सुमन, नीट आठव. पहिलं अक्षर कोणतं? ई की एम?"

"एम, बाई."

"नक्की?"

"एमच. आमच्या टोळीचा एम."

बाई मोठ्या सरांकडे गेल्या तशा आम्हीही मागोमाग दाराशी जाऊन उभे राहिलो. मुख्याध्यापकांना सगळे मोठे सर म्हणत. ते सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी आधी विचारलं, पोलिसांना कळवलं का. बाई म्हणाल्या, "पोलीस येतील तवर लोक पितील, सर. तुमी पोरं सोडा. प्रत्येक पाड्याचं पोर वर्गात हाय." किन्हवली बाहेर पडली होती. मोठे सर स्वतः उठून घंटेचा टोल द्यायला लागले.

मैदानात आम्हांला पाड्यांप्रमाणे उभं केलं. मोठ्या मुलांबरोबर एकेक शिक्षक दिला. निघण्याआधी बाईंनी जे सांगितलं ते मी कधीच विसरले नाही. "मराल असं कुणाला सांगू नका. मरणाला आपली माणसं भीत नाहीत, हसतील तुम्हांला. डोळे जातील म्हणा. आंधळे व्हाल म्हणा. आणि जे सांडायचं ते उघड्या माळावर, चुलीपासून लांब. विहिरीत नको, ओहोळात नको."

स्वतः त्या टँकरकडे गेल्या. तिथे काय झालं ते नंतर अनेकांनी सांगितलं. जाताच पहिल्यांदा त्या बिड्यांवर ओरडल्या, कारण एका ठिणगीने सगळा रस्ता पेटला असता आणि त्या ज्वाळा दिवसाउजेडी दिसल्याही नसत्या. मग टँकर आणि माणसं यांच्या मध्ये उभ्या राहिल्या. एकजण म्हणाला, "बाई, अल्कोहोल लिवलंय ना वर?" बाई म्हणाल्या, "अल्कोहोल हे आडनाव झालं. आपल्या गावात पाटील किती आहेत? सगळे एका स्वभावाचे का? पुढचं नाव वाचा की!" माणसं हसली आणि हसता हसता हंडे खाली ठेवू लागली. आडनावावर फसलेल्या माणसाला आडनावानेच सोडवता येतं, असं मला अजून वाटतं.

मी आणि अलका आमच्या पाड्यावर धावलो. पहिल्याच घरात दोघेजण ओट्यावर पेले मांडून बसले होते. आमच्या मागून आलेल्या शिक्षकांनी त्यांचा डबा उचलला. मी पुढे काकाच्या घरात शिरले. गणूकाका, माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ, भिंतीला टेकून बसला होता. पुढ्यात रिकामा पेला.

"काका, प्यालास?"

"जरासा. गोडसर हाय गो. चढत मात्र नाय."

काकी चुलीपाशी होती. मी एका दमात सगळं सांगितलं. काका हसायला लागला. "मी चांगला बसलोय ना तुज्यापुढं? काय झालंय मला?" मला रडू फुटलं, कारण त्याला काही झालं नव्हतं हीच तर बाईंनी सांगितलेली खूण होती.  काकीने आधी चुलीवर राख ओतली, मग डबा उचलून मागच्या माळावर नेऊन पालथा केला, आणि परत येऊन नवऱ्याच्या दंडाला धरलं. "चल."

"अगो, पण—"

"पोरगी डोळ्यांचं बोलते हाय. चल म्हणते ना!"

रस्त्यावर बाईंनी एक जीप थांबवली होती. आमच्या पाड्यावर पिणारा काका एकटाच सापडला. बाकीच्यांचे पेले ओठाला लागायच्या आत पोरं पोचली होती. काकी, काका, मी आणि बाई असे मुरबाडच्या दवाखान्यात गेलो. जीपमध्ये बाईंनी मला हळूच पुन्हा विचारलं, "एमच होता ना ग?" मी मान हलवली. त्यांनी माझा हात हातात घेतला तो दवाखाना येईपर्यंत सोडला नाही. 

डॉक्टरांना बाईंनी नाव सांगितलं, सूत्र सांगितलं, साधारण किती आणि केव्हा प्यायला ते सांगितलं. डॉक्टर तरुण होते. म्हणाले, "नाव कळलं हे फार बरं झालं. नाहीतर साधी दारू समजून झोपवून ठेवलं असतं." त्यांनी लगेच आम्हां चौघांना कल्याणच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. माझे वडील तिकडेच कारखान्यात कामाला होते, ते थेट तिथे आले.

कल्याणला उपचार सुरू झाले आणि काकीने कपाळाला हात लावला. डॉक्टर काकाला मापून मापून दारूच पाजत होते! बाईंनी तिला बाकावर बसवून समजावलं. पोटात दोन्ही अल्कोहोलं एकाच दारातून आत घेतली जातात. दाराशी दोघं उभी राहिली तर दार आधी इथाइलला आत घेतं. तेवढ्या वेळात मिथाइल विष न होता लघवीवाटे निघून जातं. जे आम्ल आधीच झालंय त्याच्यासाठी सोड्याची सलाईन लावलीय. काकीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे एका दारूवर दुसरी दारू उतारा?" "हो," बाई म्हणाल्या, "पण हे त्यांना बरं झाल्यावर सांगू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका म्हणाला, "बाहेर धुकं लय पडलंय." खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं. वडील उठून बाहेर गेले. काकीने त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि म्हणाली, "पडलंय खरं." डॉक्टर येऊन बॅटरी मारून बघायचे आणि म्हणायचे, थांबावं लागेल. आम्ही थांबलो. बाई शाळा सुटली की मुरबाडला घरी उतरायचं सोडून थेट कल्याणला यायच्या. काकाशी फार बोलायच्या नाहीत. दाराशी उभ्या राहून डॉक्टरांना विचारायच्या आणि परतीची गाडी पकडायच्या.

असे काही दिवस गेले. एका संध्याकाळी त्या आल्या, आणि त्या दिवशी धीर करून काकाच्या अगदी जवळ गेल्या. "कसं वाटतंय?" म्हणून त्यांनी पलंगाच्या कडेला हात ठेवला.

काकाने खाली पाहिलं. "बाई, तुमच्या हाताला खडू लागलाय. बोटांना. आन् अंगठीला बी."

काकीच्या तोंडून जो आवाज निघाला तो हसण्याचा की रडण्याचा, ते कळलं नाही. वडिलांनी त्याला विचारलं, बोटं किती. काकाने सांगितलं. भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले, ते सांगितलं. कोपऱ्यातल्या पाली दाखवल्या. बाई बाहेर बाकावर जाऊन बसल्या. मी मागे गेले तर त्या पदराने हातांचा खडू पुसत होत्या. "सुमन, चहा मिळेल का ग इथे कुठे?" बाहेरच्या चहाला त्या कधी तोंड लावायच्या नाहीत. त्या दिवशी दोन कप प्याल्या, आणि दुसऱ्या कपात जास्त साखर मागून घेतली.

काका पुरता बरा होऊन घरी आला. ज्यांनी हंडे भरले होते त्यांतलं कुणी दगावलं नाही, कुणाचे डोळे गेले नाहीत. काकीने गुपित पाळलं नाही, त्यामुळे सरकारी डॉक्टरांनी आपल्याला फुकट दारू पाजल्याची गोष्ट काका सगळ्या लग्नांत सांगत फिरला. मात्र सांगताना हातात पाण्याचा पेला असायचा. पुढे त्याने दारूला हात लावला नाही.

बाईंच्या मागे मात्र नवा उद्योग लागला. थांब्यावर बायका बाटल्या, डबे, पुड्या घेऊन उभ्या राहायच्या. "बाई, हे काय हाय? पोराच्या हाताला लागलं तर चालल का?" बाई एसटी येईपर्यंत वाचून सांगायच्या. जे ठाऊक नसेल त्याला सरळ म्हणायच्या, "हे मला माहीत नाही, उद्या बघून सांगते," आणि उद्या सांगायच्या. मैदानातले रुमालही त्या वर्षीच बंद झाले. पोरं पुन्हा हात धरू लागली आणि एकाही घरातून निरोप आला नाही.

मी पुढे रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं आणि औषधांच्या एका कारखान्यात तपासणी विभागात लागले. माझ्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येक बाटलीचं नाव मी दोनदा वाचते, दुसऱ्यांदा पहिल्या अक्षरावर बोट ठेवून. नव्या मुली हसतात. हसू देत.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमाला मी सुट्टी काढून गेले. शाळेत पाऊल न टाकणारा गणूकाकाही आला, धुतलेला सदरा घालून. शेवटच्या बाकावर, टोपी गुडघ्यावर ठेवून बसून राहिला. भाषणं झाली. बाईंना बोलायला सांगितलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "पोरांनो, तुम्ही ऐकत होता, म्हणून झालं सगळं. मी काय, सगळ्याच वर्षी तेच शिकवत आले." आणि खाली बसल्या.

नंतर आम्ही त्यांना रस्त्यापर्यंत पोचवायला गेलो. नारळ, शाल आणि फुलांनी भरलेली पिशवी काकाने उचलली होती. एसटी आली. काकाने पिशवी आत ठेवली, खाली उतरून बाईंना वाकून नमस्कार केला. बाई म्हणाल्या, "जपून राहा, गणूभाऊ." कंडक्टर आता दुसरा होता, त्याला त्या कोण ते माहीत नव्हतं. त्याने घंटी मारली आणि गाडी सुटली.

मुरबाडचा रस्ता तिथून बराच लांबपर्यंत सरळ जातो. माणसं पांगली. मी थोडा वेळ थांबले, मग काकाला म्हणाले, "चल, निघू या."

काका रस्त्याच्या मधोमध कपाळावर हात धरून उभा होता. तो हलला नाही.

"थांब गो," तो म्हणाला. "अजून दिसते."